बोर्डो मिश्रण: मिश्रण की संयुग?

काटोलकडच्या नववीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. मिश्रणात घटक कोणत्याही प्रमाणात घेता येतात आणि नवा पदार्थ तयार होत नाही. संयुगात प्रमाण ठरलेलं असतं आणि घटकांचे मूळ गुणधर्म उरत नाहीत, असं तिने पुस्तकात वाचलं. घरी मात्र बाबा संत्र्याच्या बगीच्यासाठी बोर्डो मिश्रण (फवारणीचं बुरशीनाशक) करतात तेव्हा मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना आणि पाणी १:१:१०० असं मोजूनच घेतात, आणि एकत्र ओतल्यावर रंगही बदलतो. मग त्याला संयुग का म्हणायचं नाही? शिवाय युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि विद्राव्य खताच्या पिशवीवर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) छापलेलं असतं. प्रमाण दोन्हीकडे ठरलेलंच आहे, तर दोन्ही संयुगं का?

आधी थेट उत्तर. युरिया संयुग आहे. १९:१९:१९ मिश्रण आहे. बोर्डोमध्ये दोन्ही गोष्टी घडतात: मोरचूद आणि चुन्याची रासायनिक अभिक्रिया होऊन नवी संयुगं बनतात, आणि ड्रममध्ये दिसणारा निळा द्रव हे त्या संयुगांचं, उरलेल्या चुन्याचं आणि पाण्याचं मिश्रण असतं. अख्ख्या ड्रमबद्दल विचारशील तर मिश्रण. त्यात तरंगणाऱ्या निळ्या कणाबद्दल विचारशील तर संयुग.

तुझा गोंधळ 'प्रमाण ठरलेलं' इथे झाला आहे. प्रमाण ठरवलं कोणी, हे आधी विचारायचं.

युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. वजनं मांड: १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यात नायट्रोजन २८, म्हणजे ४६.७ टक्के. पोत्यावरचे ४६ टक्के तिथून येतात. थोडी ओल आणि थोडी अशुद्धी धरून आकडा जरा खाली छापतात. आता एखाद्या कारखान्याने ५० टक्के नत्राचा युरिया काढायचं ठरवलं तर? जमणार नाही. रेणूतला एक अणू जरी बदलला तर तो युरियाच राहत नाही. १९:१९:१९ चं तसं नाही. तो आकडा कारखान्याने ठरवलेला आहे; उद्या तेच क्षार वेगळ्या मापाने घेऊन त्याने २०:२०:२० केलं तर त्याला कोणताही निसर्गनियम आडवा येत नाही.

इथेच एक सापळा आहे, तो परीक्षेपेक्षा बगीच्यात जास्त भेटतो. पिशवीवर तीन आकडे दिसले म्हणजे मिश्रणच, असं नाही. फवारणीचं ०:५२:३४ हे मोनोपोटॅशियम फॉस्फेट हे एकच संयुग आहे, आणि १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तेही एकच संयुग. पिशवीवर फक्त अन्नद्रव्यांचा हिशोब असतो; आत पदार्थ एक आहे की चार, ते त्यावरून कळत नाही.

आता बाबांचा ड्रम. १:१:१०० म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. हे एक टक्क्याचं बोर्डो. कोवळ्या पालवीसाठी काही जण ०.५:०.५:१०० करतात. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) खोडाला लावायचा मलम १:१:१० असतो. तिन्ही बोर्डोच, म्हणजे हे प्रमाण गरजेनुसार माणसाने धरलेलं आहे.

अभिक्रियेला किती चुना लागतो ते काढून बघ. मोरचूद म्हणजे पाण्याचे पाच रेणू धरून ठेवलेलं कॉपर सल्फेट. त्याचा रेणूभार जवळपास २५०. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, ५६. एकास एक रेणू लागतो, म्हणून २५० ग्रॅम मोरचुदाला ५६ ग्रॅम चुना. १ किलो मोरचुदाला २२५ ग्रॅमच्या आसपास. चुना शुद्ध असेल तर १ किलोतला पाऊण किलोपेक्षा जास्त भाग अभिक्रियेत न येता तसाच उरतो. अभिक्रिया स्वतःला लागेल तेवढाच चुना घेते. १:१ हे आपलं माप, तिचं नाही. संयुगाचं ठरलेलं प्रमाण म्हणजे नेमकं काय, ते याहून स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

जादा चुना वाया मात्र जात नाही. तांबं पूर्ण बांधलं गेलं याची तो हमी असतो, आणि पानावर वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. फवारणीनंतर पानांवर दिसणारा निळसर-पांढरा थर म्हणजे तांब्याच्या गाळाबरोबर हेही.

अभिक्रियेतून काय तयार होतं? निळा, बुळबुळीत गाळ म्हणजे कॉपर हायड्रॉक्साइड आणि बेसिक कॉपर सल्फेट, चुन्याच्या मापानुसार कमी-जास्त. सोबत कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. ते लिटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, उरलेलं बारीक कणांच्या रूपात राहतं. विरलेला, म्हणजे पाणी घालून फुलवलेला, चुनाही लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आतच विरघळतो, म्हणून तोही बहुतेक तरंगतच असतो. असा हा विषमांगी प्रकार, निलंबन. ढवळलं नाही तर पंपाचं नोझल चोंदतं ते याचमुळे. पण त्या गाळातलं शुद्ध कॉपर हायड्रॉक्साइड वेगळं काढलं तर त्यात तांबं ६५ टक्केच निघेल, मग ते काटोलच्या ड्रममधलं असो की फ्रान्समधल्या. ठरलेल्या प्रमाणाचा हा नियम जोसेफ प्रूस्त या रसायनज्ञाने १७९९ मध्ये मांडला तोही तांब्याच्याच एका संयुगावरून: खाणीतून निघालेलं कॉपर कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत केलेलं, दोन्हींत घटकांचं प्रमाण सारखं आलं.

हे पटवून घ्यायचं तर १०० मिलीचा प्रयोग पुरेसा आहे. मोरचूद विषारी आहे आणि कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, म्हणून चष्मा, हातमोजे आणि सोबत मोठं माणूस हवंच. स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत. काचेचे किंवा प्लास्टिकचे तीन ग्लास घे. पहिल्यात ५० मिली पाणी आणि १ ग्रॅम मोरचूद. खडे असतील तर आधी बारीक कर आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळ. दुसऱ्यात १ ग्रॅम चुन्यावर थेंब थेंब पाणी टाक, तो विरला की पाणी ५० मिलीपर्यंत वाढव आणि थंड होऊ दे. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या ग्लासात ओतत ढवळ. आकाशी रंगाचा दाट गाळ लगेच दिसेल. तासा-दोन तासांत तो खाली बसून वर निवळ पाणी राहील.

त्या निवळ पाण्याकडे नीट बघ. ते बिनरंगी असतं. नुसती सरमिसळ झाली असती तर मोरचुदाचा निळा रंग पाण्यातच राहिला असता आणि खाली पांढरा चुना बसला असता. इथे निळेपणा पाण्यातून निघून गाळात गेला आहे. आता पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा मोरचुदाच्या साध्या द्रावणात बुडव. काही मिनिटांत त्यावर तांबूस थर चढतो. दुसरा तसाच खिळा या निवळ पाण्यात ठेव. काही होत नाही, कारण विरघळलेलं तांबं तिथे उरलेलंच नाही. निवळ पाण्यातलं चमचाभर बशीत काढून रात्रभर उघडं ठेवलं तर वर पांढरी पातळ साय धरते. तो जादा चुना, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पकडलेला.

तुलनेसाठी खरंखुरं मिश्रणही करून बघ. ५ ग्रॅम मोरचूद आणि धुऊन वाळवलेली ५ ग्रॅम कन्हानची वाळू. भिंगातून निळे आणि वाळूचे दाणे वेगवेगळे दिसतात. ३० मिली कोमट पाण्यात ढवळ, गाळणकागदातून गाळ, वाळूवर पुन्हा थोडं पाणी घालून तेही गाळून घे, आणि निळं पाणी पसरट काचेच्या बशीत सावलीत ठेव. एप्रिलच्या नागपुरी हवेत दोन-तीन दिवसांत निळे स्फटिक परत मिळतात. वजन ५ ग्रॅमपेक्षा थोडं कमी येतं, कारण काही भाग कागदात आणि वाळूत अडकतो. घाई करून गॅसवर कोरडं केलंस तर स्फटिकातलं पाणी उडून पांढरी पूड होईल आणि वजन बरंच घटेल. मग 'मोरचूद परत मिळालं नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बोर्डोच्या गाळातून मात्र गाळून, वाळवून, चाळून, काहीही केलं तरी मोरचूद परत येत नाही. त्यासाठी त्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकावं लागतं, म्हणजे दुसरी रासायनिक अभिक्रियाच करावी लागते. संयुग फोडता येत नाही असं नाही. ते भौतिक पद्धतीने फुटत नाही.

बगीच्यात बोर्डो बिघडतं तेव्हा कारण बहुतेक वेळा याच अभिक्रियेत असतं. सगळ्यात जास्त त्रास जुन्या चुन्याचा. उघड्या पोत्यातला कळीचा चुना हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो. दिसायला तसाच पांढरा, वजनही किलोभर, पण मोरचुदाला बांधायला निकामी. मग तांबं मोकळं राहतं आणि पानं, कोवळी फळं करपतात. अशा चुन्यावर व्हिनेगर टाकलं की तो बुडबुडे सोडून फसफसतो, आणि पाणी टाकल्यावर मात्र तापत नाही. चांगला चुना याच्या उलट वागतो. तयार बोर्डोत लखलखीत विळा बुडवून बघायची जुनी पद्धत म्हणजे वरची खिळ्याची चाचणीच: पातं तांबूस झालं तर चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पुन्हा बघायचं. निळा लिटमस लाल होता कामा नये.

दुसरी चूक म्हणजे लोखंडी ड्रम. मोरचुदाचं द्रावण लोखंडाला खातं, ड्रमला आतून तांबं चढतं आणि फवारणीतलं तांबं तेवढं कमी होतं. प्लास्टिकचीच टाकी हवी. तिसरी चूक गरम चुना. नुकत्या विरलेल्या, वाफाळत्या चुन्यात मोरचूद ओतलं तर गाळ काळपट पडू लागतो, कारण उष्णतेने कॉपर हायड्रॉक्साइडमधलं पाणी निघून काळं कॉपर ऑक्साइड बनतं. आणि तयार बोर्डो दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ताज्या गाळाचे कण अतिशय बारीक आणि चिकट असतात. ठेवलं की ते जाड, स्फटिकासारखे होतात, लवकर खाली बसतात आणि पानाला धरत नाहीत. पदार्थ जवळपास तोच, पण कणांचा आकार बदलला की कामातून जातो.

उष्णतेचा मुद्दा निघालाच आहे तर तोही मोकळा करून टाकू. 'संयुग बनताना उष्णता लागते किंवा बाहेर पडते, मिश्रण होताना नाही' हे वाक्य पाठ करून येणारे पुष्कळ आहेत. अर्धंच खरं आहे. १ किलो शुद्ध कळीचा चुना विरताना साधारण १,१५० किलोज्यूल उष्णता निघते. २५ अंशाचं साडेतीन लिटर पाणी उकळीला आणायला ती हिशोबाने पुरते. हा रासायनिक बदल. पण बादलीत युरिया विरघळवताना बादली गार पडते हे बाबांना विचार. तिथेही उष्णतेची देवाणघेवाण झाली, नवा पदार्थ मात्र काहीही बनला नाही. पाणी हलक्या उन्हात उडवलं की युरिया परत मिळतो. म्हणून उष्णता ही फक्त खूण समजायची. निकाल द्यायचा तो पदार्थ तोच राहिला की बदलला यावर.

'मिश्रणाचे घटक सहज वेगळे होतात' यातला 'सहज' हा शब्दही असाच फसवा. भंडाऱ्याचं पितळ घे. तांबं आणि जस्त, दोन्ही वितळवून एक केलेलं. डोळ्याला, भिंगाला एकसारखं. चुंबकाने, गाळून, निवळून काहीही सुटत नाही. तरी ते समांगी मिश्रण, कारण जस्त ५ टक्के असो, २० असो की ३५, पितळच म्हणतात, आणि रंग लालसरपासून पिवळ्याकडे हळूहळू सरकतो. अधल्यामधल्या कोणत्याही प्रमाणात मिळतं, हाच पुरावा. मनसर, कांद्रीच्या मँगनीज खाणींतला माल बघितला तरी हेच दिसतं. धातुक म्हणजे मँगनीजची निरनिराळी खनिजं, गारगोटी, लोहाची संयुगं यांचं मिश्रण. म्हणून त्याची प्रत टक्क्यांत मोजतात, प्रतीप्रमाणे भाव ठरतो. त्यातलं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड मात्र कुठूनही आणलं तरी ६३.२ टक्के मँगनीजचंच.

उलट टोकाचं उदाहरण कूलरचं. बोअरचं पाणी वापरलं की मे संपेपर्यंत जाळीवर आणि गवतावर पांढरा, कडक थर बसतो. पाणी उडालं आणि विरघळलेला क्षार मागे राहिला, एवढंच झालं असं वाटतं. पण पाण्यात होतं ते कॅल्शियम बायकार्बोनेट, आणि ते कोरड्या रूपात टिकतच नाही. पाणी उडताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. बाष्पीभवनाला नेहमी 'भौतिक' म्हणून मोकळं होता येत नाही ते यामुळे. व्हिनेगरने तो थर निघतो, कारण काय ते वर जुन्या चुन्यात आलंच आहे.

शाळेत हा धडा लोहकीस आणि गंधकाच्या प्रयोगाने शिकवतात, म्हणून त्याचीही मापं सांगतो. वजनाने लोखंड ७ भाग, गंधक ४ भाग, कारण अणूभार ५६ आणि ३२. परीक्षानळीत एकूण २-३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. नळी बोरोसिलिकेट काचेची, तोंडाशी मिनरल वूलचा सैल बोळा, नाहीतर गंधकाची वाफ पेट घेते आणि सल्फर डायऑक्साइडने खोली भरते. तळाला ज्योत लावायची. लाल झळाळी दिसली की बर्नर काढायचा. झळाळी आपोआप वर सरकत जाते. हे बघण्यासारखं असतं, आणि मुलांचं लक्ष नेमकं त्याच वेळी वहीत असतं.

नंतर गडबड होते ती चुंबकाने. थंड झालेला काळा गोळा चुंबकाला चिकटला की मुलं लिहितात 'संयुगालाही लोखंडाचा गुण आहे'. प्रत्यक्षात लेथवरचा जाड कीस आतून तसाच राहिलेला असतो, किंवा गंधक जळून गेल्याने लोखंड उरलेलं असतं. कीस पिठासारखा बारीक आणि बिनगंजाचा हवा, गंधक मापापेक्षा थोडं जास्त. कृषी केंद्रातलं पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक यासाठी चालत नाही. उरलेले २० टक्के पसरवणारे आणि भरीचे पदार्थ असतात, ते जळून धूर होतो आणि वजनाचं गणितही चुकतं. प्रयोगशाळेच्या दुकानातलं शुद्ध गंधकच आणावं. एक बारकावा पुढच्या इयत्तांसाठी: आयर्न सल्फाइडमध्ये लोखंडाचं प्रमाण एकास एकपेक्षा किंचित कमी असू शकतं, स्फटिकात लोखंडाच्या काही जागा रिकाम्या राहतात म्हणून. ठरलेल्या प्रमाणाच्या नियमाला असे काही घन पदार्थ थोडी बगल देतात. नववीच्या उत्तरपत्रिकेत ते लिहायची गरज नाही.

आम्लाची चाचणी उघड्यावर आणि दोन-तीन थेंबांतच करायची. मिश्रणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर हायड्रोजन निघतो, शुद्ध असेल तर बिनवासाचा. संयुगावर टाकलं तर हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा आणि विषारी. जास्त प्रमाणात हुंगला गेला तर नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं धरायचं नाही. लेड ॲसिटेटचा ओला कागद काळा पडला की पुरावा मिळाला, हुंगायची गरजच नाही. जुन्या प्रयोगवह्यांत गंधक विरघळवायला कार्बन डायसल्फाइड सांगितलेलं असतं. ते आणू नये. त्याची वाफ १०० अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावरसुद्धा पेटते.

परीक्षेत बोर्डोचा प्रश्न कोणी विचारणार नाही, पण युरिया, पितळ, हवा, खारं पाणी, मोरचूद यांचं वर्गीकरण नक्की येतं. कारण लिहिताना 'प्रमाण निश्चित' एवढ्यावर थांबू नकोस. 'प्रमाण रेणूच्या रचनेने निश्चित' असं लिही आणि शक्य असेल तिथे टक्केवारी काढून दाखव.

प्रयोगातला निळा गाळ नालीत, विहिरीजवळ किंवा तळ्यात टाकायचा नाही. तांबं माशांना मारतं. १०० मिली असेल तर बाबांच्या पुढच्या ड्रममध्ये ओतून दे. ग्लास वेगळे ठेव आणि त्यांवर खूण कर, म्हणजे चुकून कोणी त्यातून पाणी पिणार नाही.